तंबाखूची घरगुती लागवड

तंबाखूची घरगुती लागवड म्हणजे विक्रीचा हेतू न ठेवता, स्वतःच्या वापरासाठी, शोभेसाठी किंवा छंद म्हणून परसात, बागेत अथवा कुंडीत तंबाखूची मोजकी झाडे वाढवणे. अमेरिका, ब्रिटन, न्यूझीलंड आदी देशांत असे हौशी उत्पादक आढळतात. भारतात मात्र तंबाखू मुख्यतः शेतातले नगदी पीक म्हणूनच परिचित आहे. तंबाखूचे रोप वाढवणे टोमॅटो किंवा वांगे वाढवण्याहून फारसे कठीण नाही. खरे कौशल्य पाने तोडल्यानंतर, त्यांच्या सुकवणीत आणि मुरवणीत लागते. प्रथमच लागवड करणाऱ्यांचे अपयश बहुधा याच टप्प्यावर येते. घरी पिकवलेला तंबाखू हा बाजारातील तंबाखूइतकाच व्यसनकारक असून तोही आरोग्यास घातक असतो.

वनस्पतीची ओळख

तंबाखू ही सोलॅनेसी कुलातील वनस्पती आहे. बटाटा, टोमॅटो, वांगे, मिरची आणि धोतरा ही याच कुलातील झाडे होत. तंबाखूच्या प्रजातीचे निकोशियाना हे शास्त्रीय नाव ज्याँ निको या फ्रेंच वकिलावरून पडले. पोर्तुगालमध्ये असताना त्याने इसवी सन १५६० च्या सुमारास फ्रान्सच्या राजदरबारी तंबाखू पाठवला होता.

लागवडीखाली प्रामुख्याने दोन जाती आहेत. निकोशियाना टॅबॅकम ही जाती मूळची दक्षिण अमेरिकेतील असून जगातील बहुतेक तंबाखू तिच्यापासूनच मिळतो. तिचे झाड १ ते २ मीटर उंच वाढते, पाने मोठी व चिकट लवयुक्त असतात आणि फुले सहसा गुलाबी असतात. निकोशियाना रस्टिका ही जाती बुटकी, जाड पानांची व पिवळसर फुलांची असते. तिच्या पानांत निकोटिनचे प्रमाण टॅबॅकमपेक्षा बरेच अधिक असते.

निकोटिन पानात साठत असले तरी तयार होते मुळांत, आणि तेथून ते रसवाहिन्यांद्वारे पानांपर्यंत पोहोचते. झाडाच्या दृष्टीने निकोटिन हे पाने खाणाऱ्या किडींपासून बचाव करणारे विष आहे. झाडाला इजा झाली की त्याची निर्मिती वाढते.

इतिहास

युरोपीय लोक अमेरिकेत पोहोचण्यापूर्वी तेथील अनेक मूलनिवासी समाज धार्मिक विधींसाठी आणि औषध म्हणून तंबाखू लावत असत. सोळाव्या शतकात तो युरोपात आणि तेथून पोर्तुगीजांमार्फत भारतात आला. दख्खनमध्ये तो उत्तर हिंदुस्थानाच्या आधी रुळला असावा. अकबराचा सरदार असद बेग याने सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुराहून तंबाखू आणि हुक्का बादशहाकडे नेल्याचे स्वतः नोंदवले आहे. पुढे १६१७ साली जहांगीराने धूम्रपानास मनाई केली. पण तंबाखूचा प्रसार थांबला नाही.

स्वतःपुरती लागवड आणि शासनाचा महसूल यांतील संघर्षही जुना आहे. व्हर्जिनिया वसाहतीतील तंबाखूच्या व्यापाराला संरक्षण देण्यासाठी इंग्लंडमध्ये १६१९ साली देशांतर्गत लागवडीवर बंदी घालण्यात आली. ग्लॉस्टरशायरमधील विंचकम परिसरातील शेतकऱ्यांनी मात्र त्यानंतरही अनेक वर्षे ही लागवड चालू ठेवली होती. रशियात रस्टिका जातीचा 'माखोर्का' हा तंबाखू खेडुतांच्या परसात पिकत असे. अशा घरगुती तंबाखूला तेथे 'समोसाद', म्हणजे 'स्वतः लावलेला', असे नाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतरच्या टंचाईत जर्मनीसह युरोपातील अनेक ठिकाणी घरच्या बागांतून तंबाखू लावला गेला.

लागवड

बी आणि रोपे

तंबाखूचे बी अत्यंत बारीक असते. एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० ते १३,००० बिया मावतात. त्यामुळे चिमूटभर बीही घरगुती लागवडीस गरजेपेक्षा अधिक होते. हे बी मातीत पुरत नाहीत. उगवणीला प्रकाशाची मदत होत असल्याने ते ओलसर, भुसभुशीत मातीवर नुसते पसरतात. बी सारखे पडावे म्हणून ते बारीक वाळूत किंवा राखेत मिसळण्याची पद्धत आहे. पाण्याची धार लागली तर बी वाहून जाते किंवा खोल गाडले जाते. म्हणून वरून पाणी न घालता फवारा देतात अथवा भांडे खालून पाण्यात ठेवतात. २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात १ ते २ आठवड्यांत उगवण होते.

कोवळी रोपे दाट राहिली किंवा माती सतत चिंब राहिली, तर बुरशीमुळे ती जमिनीलगत कुजून कोलमडतात. म्हणून विरळणी करणे आणि हवा खेळती ठेवणे आवश्यक असते. ६ ते ८ आठवड्यांत रोपे सुमारे १५ सेंटिमीटर उंच झाली की ती पुनर्लागवडीस योग्य होतात. थंड देशांत बी घरात पेरतात आणि हिमकणांचा धोका टळल्यावरच रोपे बाहेर लावतात. तंबाखूला कडक थंडी सोसत नाही.

जमीन, खत आणि पाणी

पाण्याचा निचरा होणारी, किंचित आम्ल जमीन या पिकास मानवते. दोन झाडांत ६० ते ९० सेंटिमीटर अंतर ठेवतात. कुंडीतही झाड वाढते. पण मुळांना पुरेशी जागा लागत असल्याने कुंडी सुमारे २० लिटरची असावी लागते. झाडाला दिवसभर ऊन मिळणे गरजेचे असते.

खताच्या बाबतीत दोन चुका वारंवार होतात. पहिली, नत्र अधिक देणे. नत्राने पाने मोठी व गर्द हिरवी दिसतात. परंतु ती वेळेवर पक्व होत नाहीत आणि सुकवताना त्यांचा रंग नीट पालटत नाही. दुसरी, पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश वापरणे. त्यातील क्लोराइड पानात साठते आणि पानाची ज्वलनक्षमता कमी करते. म्हणून या पिकाला पालाश सल्फेटच्या रूपात देतात.

शेंडा खुडणे

कळ्या दिसू लागल्या की झाडाचा शेंडा खुडतात. फुले व बियांकडे जाणारे अन्न त्यामुळे पानांकडे वळते, पाने जाड व रुंद होतात आणि त्यांतील निकोटिनही वाढते. शेंडा खुडल्यावर पानांच्या बगलेतून फुटवे येतात. तेही वेळोवेळी काढावे लागतात. पुढील हंगामासाठी बी हवे असल्यास एखादे झाड न खुडता राखतात. एकाच झाडापासून हजारो बिया मिळतात.

कीड व रोग

मावा, पाने खाणारी अळी आणि रोपे कुरतडणाऱ्या अळ्या या प्रमुख किडी होत. अमेरिकेत शेपटीवर शिंगासारखा काटा असलेली मोठी हिरवी अळी विशेष उपद्रवी ठरते. घरगुती लागवडीत हातमोजे घालून अळ्या वेचणे हाच सोपा उपाय असतो. महाराष्ट्र व कर्नाटकाच्या तंबाखूपट्ट्यात बंबाखू ही परोपजीवी वनस्पती पिकाच्या मुळांवर वाढून त्याचे अन्न शोषते.

तंबाखूवरील मोझॅक विषाणूला विज्ञानाच्या इतिहासात विशेष स्थान आहे. दिमित्री इव्हानोव्स्की यांनी १८९२ साली आणि मार्टिनस बायरिंक यांनी १८९८ साली या रोगावर केलेल्या प्रयोगांतून विषाणू या संकल्पनेचा उगम झाला. या रोगात पानांवर फिकट व गडद हिरवे चट्टे पडतात. हा विषाणू हात, अवजारे आणि कपडे यांमार्फत पसरतो. तो सुकलेल्या पानातही टिकून राहत असल्याने विडी किंवा सिगारेट हाताळलेल्या हातांनीही रोपांना लागण होऊ शकते. त्याच बागेतील टोमॅटो व मिरचीलाही त्याचा धोका असतो. म्हणून रोपे हाताळण्यापूर्वी साबणाने हात धुतात आणि रोगट झाडे उपटून नष्ट करतात.

काढणी

पुनर्लागवडीनंतर सुमारे २ ते ३ महिन्यांत पाने पक्व होऊ लागतात. पक्वता खालून वर सरकते. पानाचा हिरवा रंग फिका पडतो, त्यावर पिवळसर छटा येते आणि ते हाताला जाड व चिकट लागते. विडीच्या तंबाखूत पक्व पानांवर तांबूस ठिपके दिसू लागतात. काढणीच्या दोन पद्धती आहेत. एकीत पक्व होतील तशी खालची पाने आधी तोडतात; दुसरीत संपूर्ण झाड बुंध्याशी कापतात. एका झाडापासून मिळणारे सुके पान साधारणतः १०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी भरते.

सुकवणी

सुकवणी म्हणजे केवळ पाणी काढून टाकणे नव्हे. तोडलेले पान काही काळ जिवंत असते. या काळात हरितद्रव्याचे विघटन होऊन पान पिवळे पडते आणि त्यातील पिष्टाचे शर्करेत रूपांतर होते. त्याआधीच पान वाळले, तर ही क्रिया अर्ध्यावर थांबते. असे पान कायमचे हिरवे राहते आणि त्याचा धूर तिखट व घशाला झोंबणारा होतो. उलट ओल फार काळ राहिली तर पान बुरशीने काळे पडून कुजते. या दोन टोकांमधली वाट सांभाळणे हेच सुकवणीचे मर्म आहे.

तिच्या मुख्य चार पद्धती आहेत:

हवेत सुकवणे : पाने दोरीत ओवून सावलीत, हवेशीर जागी टांगतात. यास ४ ते ८ आठवडे लागतात. घरगुती लागवडीत हीच पद्धत सर्वाधिक वापरतात. हवेतील आर्द्रता मध्यम, म्हणजे ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास असणे उत्तम.

उन्हात सुकवणे : पूर्वेकडील भूमध्य प्रदेशातील लहान पानांचा तंबाखू तसेच भारतातील विडीचा तंबाखू उन्हात सुकवतात.

धुरावर सुकवणे : लाकडाच्या मंद धुरात पाने ठेवतात, त्यामुळे त्यांना धुराचा वास येतो.

भट्टीत सुकवणे : व्हर्जिनिया तंबाखूसाठी बंद भट्टीत तापमान सुमारे ३५ अंशांपासून टप्प्याटप्प्याने ७० अंशांच्या वर नेतात. हे काम साधारण आठवडाभरात पुरे होते. पण घरी तापमान व आर्द्रतेवर इतके काटेकोर नियंत्रण ठेवणे अवघड असते.

पानाची मधली शीर वाकवल्यावर कडकन मोडली, की सुकवणी पूर्ण झाली असे समजतात. शीर लवचीक असताना पाने रचून ठेवली, तर आत बुरशी धरते. याउलट पूर्ण सुकलेले पान हात लावताच चुरते. म्हणून ते दमट हवेत थोडे मऊ झाल्यावरच हाताळतात. निपाणी भागात शेतकरी सुकलेला तंबाखू पहाटेच्या दवात गोळा करतात, त्यामागे हेच कारण आहे.

मुरवणी

नुकत्याच सुकलेल्या पानाचा स्वाद कच्चा व उग्र असतो. व्यावसायिक उत्पादनात पाने महिनोन्महिने, कधी १ ते ३ वर्षे मुरवत ठेवतात. काही प्रकारांत ओलसर पानांचे मोठे ढीग रचतात. ढिगात आपोआप उष्णता निर्माण होऊन किण्वन होते आणि ती फार वाढू नये म्हणून ढीग वेळोवेळी उलथतात. घरच्या दोन-चार किलो पानांच्या ढिगात अशी उष्णता धरत नाही. त्यामुळे हौशी उत्पादक पाने दीर्घकाळ साठवतात किंवा उष्णता व ओलावा राखणारी पेटी वापरतात. केवळ काही आठवड्यांत वापरण्याजोगा तंबाखू मिळेल, ही अपेक्षा म्हणूनच बहुधा फोल ठरते.

आरोग्यविषयक धोके

'घरचा, रसायनविरहित म्हणून सुरक्षित' हा समज चुकीचा आहे. निकोटिन झाडातच असते. तंबाखूत आढळणारी नायट्रोसअमाइन ही कर्करोगकारक द्रव्ये मुख्यतः सुकवणी व किण्वनाच्या काळात, पानातील घटकांपासूनच तयार होतात. दमट जागेत रेंगाळलेल्या सुकवणीत त्यांचे प्रमाण वाढू शकते. धूम्रपानात पान जळताना डांबर व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतात. पान कोठे पिकले याने त्यात फरक पडत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूम्रपान आणि धूरविरहित तंबाखू या दोहोंनाही मानवात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या घटकांच्या गटात समाविष्ट केले आहे.

लागवड करणाऱ्यास आणखी एक धोका संभवतो. ओल्या पानांवरील निकोटिन पाण्यात विरघळून त्वचेतून शरीरात जाते. त्यामुळे मळमळ, उलटी, डोकेदुखी, चक्कर व अशक्तपणा ही लक्षणे उद्भवतात. यास हरित तंबाखू आजार म्हणतात. तंबाखूचे सेवन मुळीच न करणाऱ्यालाही तो होतो. पाऊस किंवा दव असताना पाने न तोडणे, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालणे, ओले कपडे तत्काळ बदलणे आणि हात धुणे हे त्यावरील प्रतिबंधक उपाय होत. मुले व पाळीव जनावरे यांना झाडांपासून, बियांपासून आणि सुकत घातलेल्या पानांपासून दूर ठेवणे अत्यावश्यक आहे. पाने उकळून केलेला कीटकनाशक काढाही विषारी असतो.

कायदेशीर स्थिती

घरगुती लागवडीविषयीचे कायदे देशोदेशी भिन्न आहेत. अमेरिकेत वैयक्तिक वापरासाठी तंबाखू पिकवण्यास संघराज्याच्या परवान्याची गरज नसते. ब्रिटनमध्ये झाड लावण्यास मनाई नाही. मात्र त्यापासून ओढण्यायोग्य तंबाखू तयार केल्यास, तो स्वतःपुरता असला तरी, त्यावर उत्पादन शुल्क लागू होते. न्यूझीलंडमध्ये प्रौढ व्यक्तीस स्वतःच्या वापरासाठी मर्यादित प्रमाणात लागवड करता येते, परंतु तो तंबाखू विकता किंवा दुसऱ्यास देता येत नाही. ऑस्ट्रेलियात परवान्याशिवाय लागवड करणे हा गुन्हा आहे.

भारतात १९४३ साली तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर लागू झाला आणि शेतकऱ्याच्या घरातील कच्चा तंबाखूही सरकारी नोंदीखाली आला. कच्च्या तंबाखूवरील हा कर १९७९ साली उठवण्यात आला. १९७५ च्या तंबाखू मंडळ कायद्यान्वये व्हर्जिनिया तंबाखू पिकवणाऱ्यास नोंदणी आवश्यक असते. विडीच्या तंबाखूस ती अट नाही. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तींना तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास आणि त्यांच्या जाहिरातींस बंदी आहे.

हेही पाहा

तंबाखू
निकोटिन
विडी
निपाणी
तंबाखू मोझॅक विषाणू