बॉल पायथनच्या अंड्यांची उबवण

बॉल पायथनच्या अंड्यांची उबवण म्हणजे बॉल पायथन (शास्त्रीय नाव: पायथन रेजियस) या बिनविषारी अजगराच्या पाळीव मादीने घातलेली अंडी नियंत्रित तापमानात व आर्द्रतेत ठेवून पिल्ले बाहेर पडेपर्यंत त्यांची निगा राखणे होय. बॉल पायथन मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील असून भय वाटल्यास तो डोके आत घेऊन चेंडूसारखे वेटोळे घालतो. त्यावरून त्याला हे नाव मिळाले. सुमारे ३१ ते ३२ अंश सेल्सियस तापमानात त्याची अंडी साधारणपणे ५५ ते ६० दिवसांत फुटतात.

नैसर्गिक उबवण

निसर्गात मादी उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळात किंवा वारुळात अंडी घालते. एका वेळी बहुधा ३ ते ११ अंडी असतात. ती एकमेकांना चिकटून त्यांचा एक पुंजका बनतो व मादी त्याभोवती वेटोळे घालून बसते. या काळात ती सहसा भक्ष्य घेत नाही.

अजगरांच्या काही जातींत मादी स्नायूंचे सतत आकुंचन करून उष्णता निर्माण करते. ब्रह्मी अजगराच्या मादीतील ही शरीराची ऊब पॅरिस येथे १८४१ मध्ये अशील वालँसिएन यांनी नोंदवली होती. भारतीय अजगराची मादीही अशाच रीतीने अंडी उबवते. बॉल पायथनच्या मादीत मात्र ही क्षमता आढळत नाही. तिचे घट्ट वेटोळे प्रामुख्याने अंड्यांतील पाण्याचे बाष्पीभवन रोखते. म्हणूनच कृत्रिम उबवणीत उष्णतेइतकेच आर्द्रतेलाही महत्त्व आहे.

अंड्याची रचना

सापाच्या अंड्याचे कवच पक्ष्याच्या अंड्यासारखे कडक नसून चामड्यासारखे लवचीक असते. त्यातून वायूंची व पाण्याची देवाणघेवाण होते. ओलसर जागी अंडे पाणी शोषून फुगते, तर कोरड्या जागी आक्रसते. पक्ष्याच्या अंड्यात बलक मध्यभागी तोलून धरणारे पीळदार तंतू असतात; सापाच्या अंड्यात ते नसतात. अंडे घातल्यानंतर एक-दोन दिवसांत भ्रूण कवचाच्या वरच्या भागाशी स्थिरावतो. त्यानंतर अंडे उलटे झाल्यास पीतकाचा भार भ्रूणावर येऊन तो दगावू शकतो. कोंबडीची अंडी उबवताना ती नियमितपणे फिरवतात. सापाची अंडी मात्र फिरवायची नसतात.

पूर्वतयारी

अंडी घालण्यापूर्वी साधारण महिनाभर आधी मादी एकदा कात टाकते. या खुणेवरून उबवणीची तयारी सुरू केली जाते. उबवणी यंत्र काही दिवस आधीच चालू करून तापमान स्थिर होते की नाही हे पाहणे आवश्यक असते. तापनियंत्रकाचा संवेदक अंड्यांच्या पातळीवर ठेवतात व पडताळणीसाठी स्वतंत्र तापमापक वापरतात.

अंडी झाकण असलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवली जातात. तळाशी वर्मिक्युलाईट किंवा परलाईट यांचा काही सेंटीमीटर जाडीचा थर असतो. वर्मिक्युलाईट व पाणी वजनाने समप्रमाणात घेण्याची पद्धत रूढ आहे. मिश्रण मुठीत दाबल्यास गोळा व्हावे, पण त्यातून पाणी ठिबकू नये, ही त्याची साधी परीक्षा होय. काही पाळणारे पाण्यावर जाळी बसवून त्या जाळीवर अंडी ठेवतात.

अंडी हलवणे व तपासणे

अंडी उचलण्यापूर्वी प्रत्येकाच्या वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करतात व तीच बाजू वर राहील अशा रीतीने ती डब्यात ठेवतात. एकमेकांना चिकटलेली अंडी ओढून वेगळी केल्यास कवच फाटण्याचा धोका असतो. म्हणून संपूर्ण पुंजका तसाच हलवला जातो.

अंधारात अंड्याला लहान विजेरी लावून पाहिल्यास फलित अंड्यात तांबड्या रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. अफलित अंडी बहुधा लहान व पिवळसर असतात आणि काही दिवसांत आक्रसून त्यांना बुरशी लागते. तथापि, बुरशी दिसली म्हणजे अंडे मृतच असते असे नाही. रक्तवाहिन्या दिसत असल्यास अंडे टाकून न देता ओलावा व हवा यांचे प्रमाण सुधारले जाते.

तापमान, आर्द्रता व हवा

तापमान कमी असल्यास वाढ मंदावते व उबवणीचा काळ लांबतो. याउलट, तापमान दीर्घकाळ अधिक राहिल्यास पाठीच्या कण्यातील वाकडेपणासारखी व्यंगे निर्माण होतात किंवा भ्रूण मरतो. त्यामुळे अल्पकाळ तापमान किंचित घसरण्यापेक्षा ते वाढणे अधिक घातक मानले जाते. वीज खंडित होण्याची शक्यता असल्यास यंत्रात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवतात. त्यांतील साठलेल्या उष्णतेमुळे तापमान सावकाश उतरते.

मगरी व अनेक कासवे यांच्यात पिल्लाचे लिंग उबवणीच्या तापमानावर ठरते. सापांत ते गुणसूत्रांवर ठरत असल्याने तापमान बदलून नर किंवा मादी मिळवता येत नाही.

डब्यातील सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांहून अधिक राखली जाते. मात्र झाकणावर जमलेले थेंब अंड्यांवर पडू देत नाहीत. पाणी घालावे लागल्यास ते कोमट असावे व अंड्यांवर न ओतता कडेने माध्यमात सोडावे. भ्रूणाची प्राणवायूची गरज अखेरच्या आठवड्यांत वाढते. त्यामुळे डबा अधूनमधून थोडा वेळ उघडला जातो.

अंडी फुटणे

उबवण पूर्ण होण्याच्या सुमारास अंड्यांवर खळगे पडू लागतात. याच काळात दिसणारे असे खळगे नैसर्गिक असतात; ते सुरुवातीच्या आठवड्यांत पडल्यास ओलावा कमी असल्याचे समजावे. पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाशी अंडदंत नावाचा तात्पुरता दात असतो. त्याने कवचाला चीर पाडून पिल्लू नाकाडे बाहेर काढते.

यानंतर पिल्लू लगेच बाहेर येत नाही. एक-दोन दिवस ते डोके बाहेर काढून किंवा पुन्हा आत घेऊन अंड्यातच राहते. या अवधीत ते उरलेले पीतक शरीरात शोषून घेते व फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. अशा वेळी पिल्लाला ओढून बाहेर काढल्यास नाळेतून रक्तस्राव होऊ शकतो किंवा पीतक बाहेरच राहते. त्यामुळे या टप्प्यावर हस्तक्षेप टाळणे हीच मुख्य काळजी ठरते.

काही पाळणारे पहिल्या पिल्लाने चीर पाडल्यावर उरलेल्या अंड्यांना कात्रीने लहान छेद देतात. कवच फाडू न शकणारे पिल्लू त्यामुळे वाचते, असे समर्थकांचे म्हणणे आहे. तर रक्तवाहिनी कापली जाण्याचा, संसर्गाचा व अपुऱ्या वाढीचे पिल्लू बाहेर येण्याचा धोका विरोधक दाखवून देतात.

पिल्लांची निगा

बाहेर आलेली पिल्ले ओलसर कागदी रुमाल अंथरलेल्या स्वच्छ डब्यात ठेवतात. नाभीजवळ पीतकाचा अंश असल्यास तो आपोआप सुकू देतात. एक ते दोन आठवड्यांत पिल्लू पहिली कात टाकते व त्यानंतर त्याला उंदराचे लहान पिल्लू खाद्य म्हणून दिले जाते. तोवर शोषलेल्या पीतकावर त्याचे पोषण होते. सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला जीवाणूंचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून अंडी व पिल्ले हाताळल्यानंतर हात साबणाने धुणे आवश्यक असते.

भारतातील कायदेशीर स्थिती

बॉल पायथनचा समावेश साइटस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार साइटस परिशिष्टांतील विदेशी प्राणी बाळगणे, हस्तांतरित करणे, तसेच त्यांचे जन्म व मृत्यू यांची नोंद करणे बंधनकारक आहे. त्यामुळे अंड्यांतून आलेल्या पिल्लांचीही नोंद करावी लागते.

भारतातील वन्य सापांना ही पद्धत घरी लागू करता येत नाही. अधिनियमातील 'प्राणी' या संज्ञेत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडीही येतात आणि त्यांची अंडी नष्ट करणे किंवा घरटे विस्कटणे यांचा समावेश 'शिकार' या व्याख्येत होतो. महाराष्ट्रात पाया खणताना किंवा विटा-दगडांचा ढीग हलवताना नाग, धामण, दिवड यांची अंडी आढळतात. अशा वेळी अंडी न हलवता वनविभागाला कळवणे योग्य ठरते. त्यासाठी १९२६ हा मदत क्रमांक आहे. नागाच्या पिल्लात जन्मतःच विष असल्याने अशी अंडी घरात ठेवणे जिवावर बेतू शकते. घोणस व मांडूळ हे साप अंडी घालत नाहीत. ते थेट पिल्लांना जन्म देतात.