कडेला म्हणजे कुठे?

दोन वर्षांपूर्वी आत्याला साताऱ्याहून पुण्याला हलवताना मी रुग्णवाहिकेत चालकाशेजारी बसले होते. खंबाटकीच्या बोगद्याअलीकडे वाहतूक तुंबली. भोंगा ऐकून लोक ढिम्म बसले होते, असे मुळीच नाही. जो तो वाट द्यायला धडपडत होता. पण एक डावीकडे, दुसरा उजवीकडे आणि तिसरा बावचळून जागच्या जागी. चालक म्हणाला, "ताई, माणसं वाईट नाहीत, ठरलेलं काही नाही." आत्या वाचली. ते वाक्य मात्र डोक्यात राहिले आणि मी नियमांचा इतिहास चाळू लागले.

आपल्याकडे १९८९च्या रस्ता-नियमावलीत यासाठी एकच वाक्य होते. अग्निशमन दलाची गाडी किंवा रुग्णवाहिका जवळ आली की चालकाने कडेला होऊन तिला मोकळी वाट द्यावी. हे वाक्य दुपदरी रस्त्यावर पुरेसे होते. आगीचा बंब घंटा घणघणत यायचा (हा 'बंब' मुळात पोर्तुगीज, अर्थ पंप) आणि बैलगाडीवालाही डावीकडे सरायचा. पुढे २०१७च्या नियमांनी अग्रक्रम ठरवला: आधी अग्निशमन, मग रुग्णवाहिका, मग पोलीस. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ई आले; वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. शिक्षा एवढी वाढली, पण शब्द तोच राहिला: 'कडेला'. तीन मार्गिकांच्या कोंडीत मधल्या गाडीची कड कोणती, हे त्या कलमात शोधूनही सापडत नाही.

जर्मनांनी नेमका हाच प्रश्न धरला. त्यांच्याकडे 'रेटुंग्सगासे', म्हणजे बचावाची गल्ली, १९८०च्या दशकातच नियमात होती. तरी चार मार्गिका असल्या तर गल्ली मधोमध आणि तीन असल्या तर डावीकडे, असा घोळ होता. डिसेंबर २०१६मध्ये तो मिटवला: मार्गिका कितीही असोत, सर्वांत डावीकडची गाडी डावीकडे, बाकी साऱ्या उजवीकडे. आणि भोंग्याची वाट पाहायची नाही. वाहतूक माणसाच्या चालीवर आली की गल्ली तयार हवी. मला यातले शहाणपण इथे दिसते. भोंगा ऐकू येतो तेव्हा गाड्या एकमेकींना इतक्या चिकटलेल्या असतात की इच्छा असूनही सरकता येत नाही.

नियम करून भागले, असे मात्र नाही. ३ जुलै २०१७ रोजी बव्हेरियात म्युन्शबेर्गजवळ एका प्रवासी बसने पेट घेतला. १८ जण गेले. मदतपथकांना पुरेशी वाट मिळाली नाही, म्हणून मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २० युरोंचा दंड किमान २०० युरोंवर गेला.

जर्मन गाड्या उजवीकडून चालतात. आपल्यासाठी हे आरशात पाहिल्यासारखे उलटे करायचे: उजवीकडची गाडी दुभाजकाकडे, बाकीच्या डावीकडे. मागच्या पावसाळ्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, बोरघाटातल्या कोंडीत मी ते करून पाहिले. गाडी दुभाजकाला चिकटवली. मागच्या गृहस्थांनी हॉर्न वाजवला आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्वतःची गाडी घातली.