नळीचा ‘घाम’ : एका संज्ञेचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील सैन्यांनी काळ्या दारूचा त्याग करून निर्धूम दारूचा स्वीकार केला, तेव्हा रायफलीची नळी स्वच्छ राखणे सुलभ होईल अशी सार्वत्रिक अपेक्षा होती. काळी दारू जळल्यानंतर तिचा निम्म्याहून अधिक अंश घनरूपाने मागे उरतो. नव्या दारूचा अवशेष अत्यल्प असतो. परंतु अनुभव विपरीत आला. चिंधीने पुसून तेल दिलेल्या नळ्याही काही दिवसांतच आतून गंजू लागल्या. गंजाने पडलेल्या खड्ड्यांमुळे नळीचा गुळगुळीतपणा नष्ट होतो, गोळीच्या आवरणाचा धातू तेथे साचतो आणि नेमबाजीतील अचूकता ढळते. त्यामुळे हा प्रश्न केवळ टापटिपीचा नव्हता.

येथे झीज आणि गंज यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. ब्रिटिश सैन्याने 1888 मध्ये स्वीकारलेल्या ली-मेटफर्ड रायफलीच्या नळीतील सर्पिल खाचा उथळ होत्या; काळ्या दारूची काजळी त्यांत कमी साचावी हा त्यामागील हेतू होता. पुढे आलेल्या कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरिनचे प्रमाण 58 टक्के होते. त्याच्या अतितप्त वायूंनी या खाचा झपाट्याने झिजल्या व 1895 मध्ये अधिक खोल अशा एन्फील्ड खाचांचा अवलंब करावा लागला. झिजेचे कारण अशा रीतीने लवकर उमगले. गंजाचे मात्र उमगले नाही.

त्याविषयी दोन उपपत्ती रूढ झाल्या. निर्धूम दारूच्या अवशेषातील आम्ल पोलादास खाते, ही पहिली. दारूचे वायू पोलादाच्या रंध्रांत शिरतात व पुढे कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडतात, ही दुसरी. या दुसऱ्या कल्पनेतूनच नळीला ‘घाम’ येतो ही संज्ञा प्रचारात आली. तिचे सामर्थ्य असे की, ती वर्णन आणि स्पष्टीकरण ही दोन्ही कामे एकाच वेळी करीत असल्याचा भास होई. नळी पुसली तरी दुसऱ्या दिवशी गंज पुन्हा दिसे. म्हणून नळी सलग काही दिवस पुसावी असा दंडक पडला, आणि गंजाचे प्रत्येक पुनर्दर्शन त्या संज्ञेला नवा पुरावा ठरले.

अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधील रसायनज्ञ विल्बर्ट हफ यांनी 1922 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने ही समजूत मोडीत काढली. दोष दारूचा नव्हता, काडतुसाच्या टोपीचा होता. टोपीतील पोटॅशियम क्लोरेटचे स्फोटात पोटॅशियम क्लोराइड बनते. मिठाच्या जातीचा हा क्षार दमट हवेतील पाणी शोषून घेतो आणि पोलाद गंजवितो. तो तेलात विरघळत नाही. म्हणूनच तेलाच्या थराखालीही गंज चढत असे. पाण्यात मात्र तो सहज विरघळतो. काळ्या दारूच्या काळात काजळी काढण्यासाठी नळी पाण्याने धुतली जाई व त्याबरोबर हा क्षारही नकळत वाहून जाई. निर्धूम दारूने काजळी कमी केली, पाण्याची गरज संपल्यासारखी भासविली आणि क्षार जागीच राहिला.

विशेष असे की, ब्रिटिश सैन्यात नळीतून उकळते पाणी ओतण्याची रीत या शोधापूर्वीच रुळली होती. पाण्याने क्षार जाई आणि तापलेली नळी आपोआप कोरडी होई. योग्य आचार अशा प्रकारे योग्य विचाराआधी अस्तित्वात होता. उलटपक्षी, अति दक्षताही घातक ठरे. चिंधी ओढण्याची दोरी तिरपी ओढल्यास नळीचे तोंड एका बाजूस घासले जाऊन अचूकता बिघडे.

1920 नंतरच्या दशकात क्लोरेटविरहित टोप्या बाजारात येऊ लागल्या, तरी अनेक सैन्यांनी जुन्या टोप्या दीर्घकाळ वापरल्या. भारतीय लष्करी बोलीत ‘पुल-थ्रू’चे ‘फुलतरू’ झाले आणि ‘चिंदी’ हा घरगुती शब्द परेडीच्या मैदानावर पोचला. हे दोन्ही शब्द केवळ साधनाचे व कृतीचे नाव सांगतात, कारणाचा दावा करीत नाहीत. म्हणून कारणमीमांसा पालटली तरी ते खोटे ठरले नाहीत. ‘घाम’ या संज्ञेत मात्र उपपत्ती दडलेली होती. पारिभाषिक शब्द घडविताना हा भेद दृष्टीआड करणे किती महाग पडू शकते, हे त्या गंजलेल्या नळ्यांच्या इतिहासावरून दिसून येते.