दुसऱ्या बोलीचा भाव

लिलाव हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला. तो उच्चारताच जमलेली गर्दी, चढत जाणारी बोली आणि 'एकवार, दोनवार, तीनवार' ही आरोळी आठवते. या गर्दीचा एक उपयोग असा, की कोण किती बोलतो आहे हे सर्वांना दिसते. परंतु बोली लावणारे दूरदूरच्या गावी असतील तर काय करायचे? एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न पोस्टाच्या तिकिटांच्या व्यापाऱ्यांपुढे उभा राहिला. त्यांनी काढलेली तोड आज संगणकावरील लिलावांत वापरली जाते, आणि तेथील बऱ्याच लबाड्यांचे मूळही तिच्यातच आहे.

पहिले चिकटवायचे तिकीट इंग्लंडमध्ये १८४० साली निघाले. १८७० मध्ये न्यू यॉर्कला तिकिटांचा लिलावही झाला. गावोगावच्या संग्राहकांना अशा ठिकाणी जाणे शक्य नसे. ते आपली कमाल किंमत पत्राने कळवीत आणि लिलाव करणारा त्यांच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवी. १८९३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थॅम्प्टन येथील एका पेढीने सभागृहच काढून टाकले आणि सर्व बोल्या पत्रानेच मागवल्या. तिकीट सर्वांत मोठ्या बोलीला. भाव मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून किंचित वरचा!

ही पद्धत अर्थशास्त्रज्ञांच्या जगात ओळखली जाते ती विल्यम विक्री यांच्या नावाने. (लिलावावर लिहिणाऱ्याचे आडनाव 'विक्री' असावे, ही गंमत मराठी वाचकालाच कळणार.) १९६१ च्या निबंधात त्यांनी ती गणिताने मांडली. १९९६ साली त्यांना नोबेल जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी ते वारले. तिकीटवाल्यांनी हे बरेच आधी केले होते, हे डेव्हिड लकिंग-रायली या अर्थशास्त्रज्ञाने जुनी तिकीटविषयक नियतकालिके चाळून २००० साली दाखवून दिले.

या पद्धतीतील खुबी वर्गात चिठ्ठ्यांवर सहज दाखवता येते. समजा, एखादे तिकीट मला ५०० रुपयांचे वाटते. मी ५०० लिहिले आणि दुसऱ्याने ४२० लिहिले, तर मला सुमारे ४२० द्यावे लागतील. हुशारी करून मी ४५० लिहिले असते तर? तरीही ४२०च. दुसऱ्याने ४७० लिहिले असते, तर मात्र माझ्या हुशारीने तिकीट हातचे गेले असते. म्हणजे कमी लिहून फायदा काहीच नाही. ५०० पेक्षा जास्त लिहिले, तर वस्तू लायकीपेक्षा महाग पडण्याची भीती. मनातला खरा आकडा लिहिणे हेच शहाणपणाचे ठरते. मात्र हे सारे एका गोष्टीवर उभे आहे: ती दुसरी चिठ्ठी खऱ्या गिऱ्हाइकाची असली पाहिजे.

सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात पियर ओमिद्यार यांनी इंटरनेटवर लिलाव सुरू केला. तोच पुढे 'ईबे' झाला. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेसर पॉइंटर, तो १४.८३ डॉलरला गेला. (जमवणारे काय काय जमवतात!) येथे लिलाव करणाऱ्याची जागा संगणकाने घेतली. आपण कमाल आकडा गुप्तपणे द्यायचा. संगणक आपली बोली दुसऱ्याच्या वर थोडीशी, तेवढीच चढवतो.

मग खरा आकडा आधीच देऊन स्वस्थ बसावे ना? प्रत्यक्षात अनेक जण अगदी शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकू लागले. आल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ च्या निबंधात याचा शोध घेतला. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी संपे. त्याच काळातील अ‍ॅमेझॉनच्या लिलावात शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत वाढे, आणि तेथे असे प्रकार फारच कमी होते. ईबेवरही संगणकांपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावात ते अधिक दिसले. एक कारण पटण्यासारखे आहे. जाणकाराने एखाद्या जुन्या बशीवर बोली लावली, की 'अरे, ही अस्सल दिसते' हे इतरांना फुकटात कळते. म्हणून तो आपले ज्ञान शेवटपर्यंत झाकून ठेवतो. पुष्कळांना हा रडीचा डाव वाटतो. मला वाटत नाही. नियम सर्वांना सारखाच आहे.

खरी लबाडी निराळी. एक प्रकार दोघांचा: एक जण कमी बोली लावतो, त्याचा साथीदार लगेच अवाच्या सवा. इतर गिऱ्हाइके पांगतात, साथीदार शेवटी बोली मागे घेतो आणि वस्तू पहिल्याला स्वस्तात मिळते. दुसरा प्रकार विक्रेत्याचा. तो दुसऱ्या नावाने आपल्याच वस्तूवर बोली लावून ती 'दुसरी चिठ्ठी' फुगवतो. हा प्रकार संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. इंग्लंडच्या १८९३ च्या मालविक्री कायद्यात त्याला बंदी आहे. आपल्या १९३० च्या कायद्याचे कलम ६४ हेच सांगते. तसा हक्क उघडपणे राखून न ठेवता विक्रेत्याने बोली लावली, तर घेणारा ती विक्री फसवणूक मानू शकतो.

सभागृहात विक्रेत्याचा माणूस निदान ओळखू येण्याची शक्यता असे. संगणकावर चेहराच नाही. मे २००० मध्ये ईबेवर एक अमूर्त चित्र २५ सेंटपासून बोलीला लागले. कोपऱ्यातील अक्षरांवरून ते रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत चित्रकाराचे असावे, असा बोली लावणाऱ्यांचा समज झाला आणि बोली १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेली. विक्रेत्याने स्वतःच बोली लावल्याचे उघड होताच ईबेने सौदा रद्द केला. चित्र डीबेनकॉर्नचे नव्हतेच. २००१ मध्ये तिघांवर खटला भरला गेला. चाळीसहून अधिक टोपणनावे घेऊन त्यांनी शेकडो लिलावांत एकमेकांच्या वस्तूंची बोली चढवली, असा आरोप होता.

या एका सौद्याचा गाजावाजा झाला म्हणून चौकशी झाली. बाकीच्या लिलावांत ज्यांच्यावर बोली चढवली गेली, त्यांनी आपण स्वतः कबूल केलेल्या कमाल आकड्याच्या आतच पैसे भरले होते. त्यामुळे तक्रार करावी असे त्यांना काही दिसलेच नाही.