स्मार्टफोनवरील मराठी टंकलेखन

स्मार्टफोनच्या स्पर्शपटलावर देवनागरी लिपीत मराठी मजकूर लिहिण्याच्या पद्धतींना एकत्रितपणे स्मार्टफोनवरील मराठी टंकलेखन असे म्हणता येते. घरगुती निरोप, वाणसामानाची यादी, अर्ज, शुभेच्छा असे दैनंदिन लेखन आता मोठ्या प्रमाणावर याच मार्गाने होते.

पार्श्वभूमी

साध्या भ्रमणध्वनीच्या काळात मराठी लघुसंदेश बहुधा रोमन लिपीत लिहिले जात. एका लघुसंदेशात रोमन लिपीची १६० चिन्हे मावत. देवनागरीत ही मर्यादा ७० वर येई आणि काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हेही स्वतंत्र मोजली जात. त्यामुळे मराठीत लिहिणे खर्चिकही ठरे. रोमन लेखनात ‘काल’, ‘काळ’ आणि ‘कल’ हे तिन्ही शब्द एकाच रूपात येत व अर्थ संदर्भावरून लावावा लागे. अँड्रॉइड प्रणालीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे नीट दिसत नसत. भारतीय भाषांच्या सुविधेसाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस १६३३३ (भाग ३) हे मानक तयार केले.

पद्धती

इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर डावीकडे व व्यंजने उजवीकडे असतात. लिप्यंतरण पद्धतीत रोमन अक्षरे टंकून देवनागरी शब्द मिळतो. इंग्रजी कळफलकाची सवय असलेल्यांना ती सोपी वाटते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्राने ‘स्वरचक्र’ हा कळफलक तयार केला. त्यात व्यंजनावर बोट टेकवताच भोवती त्याची बाराखडी चक्राकार उमटते. मराठी शाळेत बाराखडी घोकलेल्या व्यक्तीला ही रचना वेगळी शिकवावी लागत नाही. गूगलने २०१७ मध्ये मराठीसाठी बोलून टंकण्याची सोय आणली. टंकनाचा सराव नसलेल्या ज्येष्ठांना तिचा उपयोग होतो, मात्र विरामचिन्हे व विशेषनामे नंतर तपासावी लागतात.

मराठीच्या विशेष अडचणी

हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या कळफलकांत ‘ळ’, ‘ॲ’ आणि ‘ऱ’ सहज सापडत नाहीत. यांतील ‘ऱ’चा प्रश्न निव्वळ शुद्धलेखनाचा नाही. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना, तर ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन. ‘बऱ्याच’ऐवजी ‘बर्याच’ हे रूप आज सर्रास दिसते. लिहिणाऱ्याला फरक ठाऊक नसतोच असे नाही. पुष्कळदा कळ सापडलेली नसते.

‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतो : स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, किंवा ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. ‘ॲ’चेही तसेच. यूनिकोडने त्याला २००८ मध्ये स्वतंत्र संकेतांक दिला, तरी ‘अ’वर चंद्र देऊन तो लिहिण्याची जुनी रीत चालू आहे. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती भिन्न असतात. म्हणून एका पद्धतीने साठवलेले ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास साध्या शोधात सापडत नाही. याद्या व अभिलेख हाताळताना ही अडचण विशेष जाणवते.

‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण महाराष्ट्र शासनाने २००९ च्या शासन निर्णयात निश्चित केले आहे. अनेक फोनांवर मात्र या अक्षरांचे हिंदी वळणच दिसते. काही टंकांत मराठी वळण अंतर्भूत असते, पण फोनची भाषा मराठी निवडल्यावरच ते प्रकट होते.