लाखोळीची डाळ आणि मज्जातंतू



बुद्धी तल्लख व्हावी, अभ्यासात चित्त लागावे म्हणून हल्ली गोळ्या, चूर्णे, काढे पुष्कळ विकायला असतात. परंतु अन्नाचा मज्जातंतूंशी काय संबंध असतो हे पाहायला आपल्या भंडाऱ्याच्या माणसाने दूर जायला नको. धानाच्या बांधीत उभे राहिले म्हणजे झाले. धान कापणीला येण्याआधी, जमिनीत ओल आहे तोवर, उभ्या पिकात लाखोळी फेकतात. नांगर नको की वेगळे पाणी नको. कोणी तिला लाख म्हणतो, कोणी लाखोरी.

हिच्यामागे एक दुःखाची कथा आहे. सागर भागात 1829 साली गारपिटीने गहू गेला, पुढच्या साली पाऊस कमी पडला, त्यानंतर तांबेरा आला. तगली ती एकटी लाखोळी. लोकांनी तीच पेरली, तीच खाल्ली. मग तिशीच्या आतल्या धडधाकट माणसांचे कमरेखालचे बळ जाऊ लागले. स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1844 सालच्या आपल्या पुस्तकात हे लिहून ठेवले आहे. सागर तुम्हांला परके वाटेल. पण 1861 साली मध्यप्रांत झाला तेव्हा सागर आणि भंडारा एकाच प्रांतात आले, आणि लाखोळी तर दोन्हींकडची.

या आजारात बुद्धी शाबूत राहते, वाचा शाबूत राहते. पायांना हुकूम पोहोचवणारे मज्जातंतू तेवढे निकामी होतात. पाय ताठरतात, चालताना एकमेकांत अडकतात, काठी हाती येते. आणि एकदा गेलेले बळ परत येत नाही हो.

सरकारने 1961 साली या डाळीच्या विक्रीबंदीचा नियम केला. गंमत पाहा, तिच्यातल्या विषारी द्रव्याचा नेमका पत्ता आपल्या शास्त्रज्ञांना लागला तो 1964 साली! बंदी विकायला होती, पेरायला नव्हती. मग पिकवलेली लाखोळी शेतकऱ्याने न्यायची कुठे? तुरीच्या डाळीत आणि बेसनात तिची भेसळ मात्र होतच राहिली. महाराष्ट्राने ही बंदी 2008 साली उठवली.

मग ही डाळ विष म्हणायची की अन्न? माझ्या मते विचारायचे ते असे, की ती खाणाऱ्याच्या ताटात दुसरे काय होते? आठवड्यात दोनदा वरण खाल्ले म्हणून कोणी लुळा पडत नाही. दोन-तीन महिने रोजच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक हीच डाळ असली, भाजी नाही, दूध नाही, दुसरे धान्य नाही, म्हणजे धोका उभा राहतो. रीवा भागात वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य मिळे. त्यांनी ते आवडीने थोडेच खाल्ले? पंगू झाला तो उपाशी माणूस, आणि बदनाम झाली डाळ.

आता एक नवल सांगतो. हेच द्रव्य चीन-कोरियातल्या जिनसेंग नावाच्या मुळीतही सापडले आहे, आणि ती मुळी जगभर मेंदूला तरतरी आणणारी म्हणून महाग विकली जाते! तिथे मात्रा अगदी थोडी असते, आणि पोट भरायला ती कोणी खात नाही. एवढाच काय तो फरक.

घरच्या माउलींनी एवढे करावे. डाळ गरम पाण्यात भिजत घालावी, ते पाणी फेकून द्यावे आणि मग शिजवावी. बरेचसे विष पाण्याबरोबर जाते. सगळे मात्र जात नाही. म्हणून जोडीला भात, भाजी, दुसरी डाळ हवीच. दुष्काळाच्या साली तर हे विसरू नये, कारण पाऊस रुसला तरी लाखोळी पिकते, आणि नेमके तेव्हाच ताटात दुसरे काही नसते.

कमी विषाचे वाणही आता निघाले आहेत. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचा ‘रतन’, रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे ‘प्रतीक’ आणि ‘महातिवडा’. बियाणे घेताना वाणाचे नाव विचारून घ्या. नुसता दाणा हातात घेऊन त्यात विष किती ते कळत नाही.