इंद्रावतीवरील धरणांना गडचिरोलीचा विरोध

आज गडचिरोली–चिमूर लोकसभा मतदारसंघात मोडणारा भामरागडचा मुलूख १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात होता. नवा गडचिरोली जिल्हा होतो न होतो तोच गोदावरीवरील इंचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपट्टणम या दोन धरणांचे सावट त्यावर आले. सागवान, बांबू आणि माडिया-गोंडांची गावे पाण्याखाली जाणार होती. ही हानी पैशात मोजणे मुळातच चुकीचे होते. उन्हाळ्यात मोहाच्या झाडाखालची जागा झाडून स्वच्छ करायची आणि पहाटे गळलेली फुले टोपलीत वेचायची, यावर घराचे वर्षाचे गणित चालते. मोहाचे जुने झाड भरपाईत मिळत नाही.

१९८३-८४ मध्ये ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे आणि आदिवासी नेते लालश्याम शहा पुढे होते, पण खरे बळ पायी येणाऱ्या गावकऱ्यांचे होते. दोन्ही धरणे रेंगाळली आणि गावे वाचली.

या आंदोलनातून धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला स्वतःची दिशा सापडली. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने तिथे अभ्यासगट बसू लागले, निर्णय सर्वसहमतीने होऊ लागले. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला.